घडीचं स्टूल

फुटून निघालेल्या त्या देशाला कुणी देश मानत नव्हतं, म्हणून परिषदेत त्याच्या प्रतिनिधीला साधी खुर्चीही मिळायची नाही. सीमेवरच्या गावातल्या सुतार बापाने त्याला घडीचं स्टूल करून दिलं होतं. “उभंच ठेवतात ना? मग हे ने.” वर्षानुवर्षं तो भिंतीशी त्यावरच बसला. आज त्याने करारावर सही केली आणि मान्यता मिळाली. शिपायाने गादीची खुर्ची ओढून दिली. टाळ्या विरतात तोच खिशात फोन वाजला. “टीव्हीवर दिसलास रे! मिळाली एकदाची खुर्ची! आता ते स्टूल आण, दुकानात टांगतो.” तो खुर्चीवरून उठून भिंतीशी गेला. “बाबा, अवजारं बांधा, आजच राजधानीकडे निघून या. मान्यतेपायी थोडा मुलूख सोडावा लागला.” “रेघ कुठून मारलीस?” “गावाच्या अलीकडून.” म्हाताऱ्याने विचारलं, “खुर्ची तरी मजबूत आहे ना?”