बाबा काय म्हणाले?

"तुला आमच्याकडे खरंच यायचंय का, तिरेसा?" फोनमधून कॉलेजच्या साहेबांनी विचारलं.

तिरेसाने भुवया उंचावल्या. अगदी केसांना टेकतील इतक्या.

साहेब पलीकडे खाकरले.

"हॅलो?"

तिने भुवया आणखी वर ताणल्या. तुतुइला बेटावर याहून मोठा 'हो' कुणाकडेच नव्हता. रांगत्या पोरापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे असाच 'हो' म्हणायचे. एवढ्याशा शब्दासाठी तोंड कोण उघडणार!

"बरं," साहेबांचा आवाज उतरला. "तुझी तयारी नसेल तर तसं सांग. त्यात काही वाईट नाही."

समोर बसलेल्या पेनिनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेतल्या पोरांना कॉलेजच्या वाटेला लावणं हे बाईंचं काम, आणि या पोरीमागे त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. तिरेसाने निबंधात जिथे तिथे 'आम्ही' लिहिलं होतं. स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे मिरवणं, असं तिचं मत. बाईंनी एकेक 'मी' तिच्याकडून दात उपटावा तसा उपटून घेतला होता. आणि आज, ऐन मुलाखतीत, नेट रडायला लागलं म्हणून चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला होता, तर ही कपाळाने उत्तरं देत होती.

बाईंनी पायातली चप्पल काढली आणि नेम धरून मारली.

"तोंडाने बोल गं, तोंडाने!" त्या कुजबुजत ओरडल्या. "त्यांना तुझ्या भुवया दिसतायत का?"

"हो!" तिरेसा किंचाळलीच. "हो सर! यायचंय! मला इंजिनं शिकायचीयत. आमच्या बसचं इंजिन मीच बघते. बाबा फक्त चालवतात आणि हॉर्न वाजवतात."

साहेब मनापासून हसले. "अगं, मी तुला नापास करणार होतो! समोरचं माणूस दिसत नसलं आणि ते गप्प बसलं, की नकारच ऐकू येतो."

बाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. ते जरा लवकरच मानले.

"आता शेवटचं. तू अजून अठराची नाहीस. वडील पाठवायला तयार आहेत ना?"

बाई जोरजोरात मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' करत होत्या. पण बापाच्या नावावर खोटं कसं बोलायचं?

"ते... काही बोललेच नाहीत, सर. मी तीनदा विचारलं."

एकदा जेवणाचं ताट पुढे ठेवताना. एकदा संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर, चटईवर बसून. एकदा त्यांच्या पायांना खोबरेल तेल चोळताना. तिन्ही वेळा घरात नुसता पंख्याचा आवाज. तिसऱ्यांदा तर ती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली होती. आई गेल्यापासून घरात दोघंच. ही गेली तर बस कोण बघणार, रात्री कुणाबरोबर जेवायचं? बाबा कुठल्या तोंडाने 'जा' म्हणतील, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणून तर जास्त लागत होतं.

"मग कठीण आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "जागा एकच उरलीय आणि आज ती भरायचीच आहे. मी लाईनवर थांबतो, पण फार वेळ नाही थांबू शकत."

बाईंनी फोनवर हात दाबून धरला.

"कार्टे, हे मला आज सांगतेस?"

"काय सांगणार होते, बाई? 'नाही' म्हणाले असते तर तसं सांगितलं असतं. ते 'नाही'सुद्धा म्हणाले नाहीत!" तिचे डोळे भरून वाहायला लागले. "राहू दे. द्या ती जागा दुसऱ्या कुणालातरी."

"रडू नकोस. आधी सांग, तू विचारलंस तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता?"

"चेहरा?" तिरेसाने रडता रडता चमकून वर बघितलं. "बापाकडे काही मागताना कुणी त्याच्या तोंडाकडे बघतं का, बाई? मला काही वळण आहे की नाही? मी मान खाली घालूनच विचारलं. तिन्ही वेळा."

पेनिनाबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी फोन तिच्या हातात कोंबला आणि तिला दाराबाहेर ढकललं.

"पळ! आणि ते वळण आजच्या दिवस खिशात ठेव."

बाहेर बाबांची लाकडी बस उभी होती. शाळेची पोरं आत दंगा करत होती आणि बाबा हॉर्नवर हॉर्न देत होते. तिरेसा धापा टाकत त्यांच्या खिडकीखाली जाऊन थांबली. हॉर्न थांबला.

"बाबा, मी... कॉलेजला जाऊ?"

तिची मान आपोआप खाली गेली होती. बाबांच्या बसचं चाक तिला दिसत होतं, चाकाचे नट दिसत होते, तिनेच आवळलेले. वरून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. जॅक लावून बस उचलावी तशी तिने आपली मान कष्टाने, इंचाइंचाने वर उचलली.

"हॅलो?" हातातला फोन ओरडत होता. "मला काहीच ऐकू येत नाहीये! काय म्हणाले वडील?"

बाबांच्या भुवया पार टोपीच्या आत गेल्या होत्या. आणि ओल्या डोळ्यांत, एकाच प्रश्नाला चौथ्यांदा तेच उत्तर द्यावं लागणाऱ्या माणसाचा वैताग होता.