मर्दानगीची गोळी
जेसल पार्कच्या मेडिकलमधून परागला मर्दानगीच्या गोळ्या घेताना चंदनने पाहिलं आणि त्याला चेवच चढला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने टाकलं, "परागशेठ जोरात! वहिनी, जपून!" सगळी बिल्डिंग हसून लोळली. पराग नवीन हृदयाची वाट बघतोय, हे चंदनला ठाऊक होतं. त्याच गोळ्या फुफ्फुसातलं प्रेशर उतरवतात, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. तीन महिन्यांनी ममतावहिनींनी गादीखाली सापडलेली गोळ्यांची भरलेली पाकिटं चंदनपुढे आपटली. "लाजेने एकही खाल्ली नाही यांनी. डॉक्टर म्हणतात, प्रेशर उतरेपर्यंत हृदय बसवणार नाही. आजपासून गोळ्या परत चालू. हसा आता!" गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन चंदन धापा टाकणाऱ्या परागजवळ बसला. "घे रे, पाया पडतो." परागने गोळी मुठीत झाकली. "आधी दार लाव."