पद्माचं नाव

“मी उद्यापासून येत नाही,” हणमंतकाका म्हणाले.

उत्कर्षानं लॅपटॉप मिटला आणि समोरची खुर्ची दाखवली. ते उभेच राहिले. हवाई दलातून निवृत्त होऊन हज़रतगंजमधल्या या विमा कंपनीत ते लागले, त्याला बरीच वर्षं झाली होती, पण केबिनमध्ये उभं राहायची सवय काही गेली नव्हती. उत्तरेतल्या या शहरात, ऑफिसात मराठी हे दोघंच. ते क्लेम बघत, ती एचआर. दार बंद असलं की ती त्यांना काका म्हणायची.

“कुणी काही बोललं का?”

“कुणी काही बोलत नाही. तेच.”

महिन्याभरापूर्वी त्यांची बायको गेली होती. पद्माकाकू. सकाळी कुकर लावला आणि ओट्याशीच कोसळल्या. दिवस करून काका कामावर परतणार, त्याच्या आदल्या दिवशी उत्कर्षानं सगळ्यांना मेल पाठवली होती. त्यांच्यावर कामाचा ताण टाकू नका, घरचा विषय काढू नका, शुक्रवारची गाणी आणि खेळ काही आठवडे बंद. मुख्य कार्यालयानं त्या मेलचं कौतुक केलं होतं. इथल्या लोकांनी तर ती अगदी मनापासून पाळली.

“सगळे फार चांगले वागतात गं,” काका म्हणाले. “मी आलो की हसणं थांबतं. माझ्या फाइली सौरभ आधीच उरकून ठेवतो. परवा एका क्लेममध्ये सरळसरळ चुकलो मी. तर म्हणाला, कोई बात नहीं सर. याच पोरानं एका सहीवरून मला सगळ्यांसमोर धारेवर धरलं होतं. तेव्हा राग आला होता मला.”

“त्यांना वाटतं, तुम्हाला त्रास होऊ नये.”

“घरी कुणी बोलत नाही, कारण घरी कुणी नाहीच. इथं माणसं असून तेच. मग रोज मेट्रोनं यायचं कशाला?”

उत्कर्षानं मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला.

“मुलगा फोन करतो. पापा, खाना खाया? विचारतो, बिचारा. मराठी बोलायला ती होती.” ते खिडकीकडे बघत राहिले. “एवढी वर्षं तिच्या हातचे धपाटे खाल्ले इथं सगळ्यांनी. एकानंही तिचं नाव घेतलं नाही. जशी काही ती नव्हतीच.”

रजा वाढवून देता येईल, समुपदेशकाशी बोलता येईल, असं बरंच तिच्या ओठांवर होतं. तिनं ते गिळलं.

“मीच सांगितलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “तसं वागायला.”

“माहीत आहे. चांगल्या मनानंच केलंस.”

तिनं ड्रॉवरमधून आपला डबा काढला. “आज आत जेवायला चला. मग उद्याचं ठरवा.”

परतल्यापासून ते आपल्या टेबलावरच काहीतरी खात. काही क्षण ते दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबले, आणि मग तिच्या मागोमाग गेले.

जेवणाच्या खोलीत दोन टेबलं जोडून सगळे बसले होते. मलिहाबादहून येणाऱ्या सुरुचीनं दशहरी आंबे कापून आणले होते. कुणाचं तरी लग्न ठरलं होतं, त्यावरून चेष्टा चालली होती. काका आत आले आणि चेष्टा थांबली. दोघं उठून उभे राहिले. सुरुचीनं आंब्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली, आजारी माणसापुढे सरकवतात तशी. “लीजिए सर.”

काका बसले. चमच्यांचा आवाज तेवढा होत राहिला.

उत्कर्षानं डबा उघडला.

“सौरभ,” ती म्हणाली, “पद्मा आंटी के धपाटे सबसे ज़्यादा कौन खाता था?”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुरुचीनं तिच्याकडे रागानं पाहिलं. सौरभचा घास हातातच राहिला. तो काकांकडे बघायला धजेना.

“मैं,” तो शेवटी म्हणाला. “दही के साथ।” त्यानं हातातला घास खाली ठेवला. “एक बार घर गया था, फ़ाइल देने। आंटी ने बिठा लिया। मराठी सिखा रही थीं। बोलीं, मना नहीं करना, और चाहिए तो बोलो…” त्यानं आठवून बघितलं. “आनखी एक।”

त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं डोळ्यांवर मनगट दाबलं, पण हुंदका आलाच. शेजारचा कुणी पाणी आणायला उठला आणि तसाच उभा राहिला.

काकांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. पाठीवर हात ठेवला.

“आनखी नाही रे,” ते म्हणाले. मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, “न नहीं। जीभ ऊपर। आणखी।”

“आनखी।”

“ऊपर।”

“आण… खी।”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओठांतल्या ओठांत ते म्हणून पाहिलं. सुरुचीनंही. काका मान हलवत होते. पुन्हा एकदा नीट म्हणून दाखवावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्याच्यानं तो शब्द पुरा झाला नाही.