ओठांचा रंग

“पेजर दिसला पाहिजे हं,” प्रफुल्ल म्हणाला आणि कमरेचा पेजर काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला. शेजारी नव्या गाडीची किल्लीही ठेवली. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात भर दुपारी सूट घालून खिडकीशी बसायची हौस त्याची त्यालाच.

कॅनव्हासमागून उपासना हसली. कॉलेजात चित्रकला शिकणाऱ्या त्याच्या या लेकीनंच त्याला सांगितलं होतं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात चित्रं राजवाड्यातून आणि चर्चमधून निघून कापडवाल्यांच्या, चीजवाल्यांच्या घरी आली. हाती पैसा आलेली साधी माणसं चित्रकाराला म्हणाली, आता आम्हाला काढ.

“म्हणजे आपल्यासारखीच की!” प्रफुल्लला ते भलतंच आवडलं होतं.

समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्याचे वडील दादाराव होते. दादारावांना उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यासमोर एकदाच उभं केलं गेलं, मिलच्या पासासाठी. ते गेल्यावर तोच चिमुकला फोटो मोठा करून, हार घालून लावला होता. त्याच्या शेजारी आज एक नवा खिळा होता. शनिवारी नव्या घराचं जेवण, सगळी मंडळी यायची होती; तोवर प्रफुल्लला आपलं चित्र तिथं हवं होतं. सकाळी तो एवढासा खिळा ठोकताना त्याला तीनदा खाली बसावं लागलं.

उपासनाचा हात थांबला. तिनं ओठांचा लाल पुसून काढला, थोडा निळा घेतला. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. आणखी थोडा घेतला.

प्रफुल्लनं बाजूला झुकून, मान लांब करून चित्र पाहिलं. “ओठ निळे कशाला? लाल कर. गिऱ्हाईक मी आहे.”

“आय पेंट व्हॉट आय सी, बाबा.” आता ती हसत नव्हती.

चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, जागृतीनं, आधी चित्र पाहिलं आणि मग नवऱ्याला. तिनं कप खाली ठेवले.

“हार्टच्या टेस्टची अपॉइंटमेंट पुन्हा कॅन्सल केली ना तुम्ही?”

“अगं, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. शनिवारनंतर जातो.”

शकुन-अपशकुन मानणाऱ्यांतली जागृती नव्हे. त्यावरून ती भल्याभल्यांशी भांडली होती. पण ती गराजमधून पक्कड घेऊन आली आणि दादारावांच्या शेजारचा खिळा तिनं उपसून काढला. पांढरा भुगा कार्पेटवर सांडला.

“अगं, अगं! शनिवारी लोक बघणार काय मग?”

“तुम्हाला,” ती म्हणाली. तिला भयंकर भीती वाटत होती. “उठा. गाडीत बसा.”

“बरं बाई, चल,” म्हणत प्रफुल्लनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. किल्ली गुडघ्यावरून घसरून खाली पडली. त्याला उठता मात्र आलं नाही.