डावा खिसा

शशिकांतच्या खाकी शर्टाचा डावा खिसा आज दीड सेंटिमीटर फुगलेला होता. बरगी धरणावर स्कूटरवरून उतरतानाच विनीताने ते पाहिलं. तंबाखूची डबी. पुन्हा सुरू केली वाटतं नवऱ्याने! भांडण तिने संध्याकाळवर ढकललं. आत्ता त्याहून मोठं काम होतं.

पिशवीत तिच्या जळणाच्या चकत्या होत्या. लाकडाचा भुसा, मोहाची पेंड आणि मेण. प्रत्येकी चाळीस ग्रॅम, मधोमध भोक. एका चकतीवर दोन कप चहा होतो, धूर नावालाच. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्षानुवर्षं शिकवण्या केल्यावर तिने हे सुरू केलं होतं. साचा दाबायला दमदार हात लागत आणि ते शशिकांतचे होते. पण दारूगोळ्याच्या फॅक्टरीतली पाळी करून उरले तरच मिळत. "नोकरी सोडा," ती म्हणे. "विचार करून राहिलो," तो म्हणे. या विचाराला तीन वर्षं झाली होती.

धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या आलोकने चकती उलटसुलट केली, हुंगली.

"काकू, महिन्याला दोन हजार चकत्या घेईन मी. लेकिन काका ड्यूटी करून एवढं कसं जमवतील? आज पक्कं सांगा, नाही तर मी दुसरीकडे बोलतो."

शशिकांत पाण्याकडे बघत राहिला.

"आधी पेटवून तर बघ," विनीता घाईने म्हणाली. तिने पत्र्याच्या छोट्या चुलीत चकती ठेवली, वर पाण्याचं भांडं चढवलं आणि हात पुढे केला. "माचिस दे."

"माझ्याजवळ कुठली? मी सिगरेट पीत नाही. अन् स्वयंपाकाच्या तंबूची किल्ली घेऊन आचारी महाराज बाजारात गेला." आलोक हसत सुटला. "गजब आहे काकू! आग पेटवायचा माल विकायला आलात अन् माचिस नाही आणली?"

विनीताचे कान तापले. तिच्या घरात माचिस स्वयंपाकघराबाहेर येतच नसे. फॅक्टरीच्या गेटवर रोज झडती होई आणि खिशात माचिस सापडली की नोकरी गेली म्हणून समजायचं. सव्वीस वर्षांत शशिकांतने वर्दीला काडी शिवू दिली नव्हती. दिवाळीला अनारसुद्धा तो तिने पेटवून दिलेल्या उदबत्तीने लावी. आणि आज तर इथूनच दोनच्या पाळीला जायचं असं सांगून तो वर्दीतच आला होता.

शशिकांतने डाव्या खिशाचं बटण काढलं. आतून कोरी करकरीत माचिस निघाली.

"अहो!" विनीता किंचाळली. "वर्दीत माचिस? दोन वाजता गेटवर झडती आहे तुमची! फेका ती पाण्यात!"

त्याने शांतपणे काडी ओढली. चकतीच्या भोकाच्या कडेला धरली, निळसर ज्योत वर आली. भांड्यातलं पाणी बारीक आवाज करू लागलं. मग माचिस पुन्हा त्याच खिशात ठेवून त्याने बटण लावलं.

"विनीता, वर्दी तर तुला सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून घातली. आलोक, दोन हजार लिही," तो म्हणाला. "काल फॅक्टरीचा गेटपास जमा करून आलो. सोडली मी नोकरी."