अंगठेबहाद्दर

"आला बघ तुझा अंगठेबहाद्दर," शेजारच्या टेबलावरून सत्यम म्हणाला.

स्वप्नालीने फाइल उघडली. पडद्यावर तुरीचं एक पान होतं आणि पानाइतकाच मोठा एक अंगठा. सलग पाचवा दिवस.

लातूरच्या त्या शेतीऔषधांच्या कंपनीचा चॅटबॉट शेतकऱ्यांकडून फोटो घ्यायचा, पानावरचे डाग ओळखायचा आणि उत्तर धाडायचा. त्याच्या पचनी न पडलेल्या फाइली स्वप्नालीकडे येत. वनस्पतिरोगशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीपुढे दिवसभर काय यावं? 'शुभ सकाळ'चे गुलाब. लग्नपत्रिकेची पीडीएफ. पिकाचा व्हिडिओ, ज्यात पीक तीन सेकंद आणि बाकी सगळा वेळ बैल. एकाने तर मोबाइलच्या पडद्याचा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून तो वर्डच्या फाइलीत चिकटवून पाठवला होता.

"यांना बुरशी आणि धूळ यांतला फरक कळत नाही," ती म्हणायची, "आणि फोन माझ्यापेक्षा मोठा."

आज शुक्रवार. पाच वाजेपर्यंत तिच्या नावावर एकही फाइल शिल्लक राहिली नाही, तर सोमवारपासून ती प्रयोगशाळेत. सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, शांतता. विभागप्रमुख संगमेश्वर सरांनी तसा शब्द दिला होता. एक जरी राहिली, तर सबंध हंगाम याच खुर्चीत.

सत्यमने आपली खुर्ची सरकवून पडद्यात डोकावलं. "अगं, आज नेलपॉलिश लावून आलाय की!"

नख जांभळट काळं होतं. सोमवारी ते पिवळं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, कुणाच्या तरी हळदीला जाऊन आला असेल.

"आधी आंघोळ कर म्हणावं," ती म्हणाली.

नोंदीत नाव होतं शेषेराव, तालुका शिरूर अनंतपाळ. सोमवारी या गृहस्थाने तीन वेळा नुसता हातच पाठवला होता. तिन्ही वेळा बॉटने फाइल परत केली : 'पान आढळले नाही. कृपया पान हातात धरून फोटो काढा.' चौथ्या खेपेला स्वारीला अक्कल आली. लिहिलेला शब्द मात्र एकही नाही, नुसते आवाजी निरोप. अंगठेबहाद्दर हे नाव सत्यमने उगीच ठेवलं नव्हतं.

पान दररोज निरोगी असायचं. डाग नाही, सुरकुती नाही, किडीने कुरतडलेली कडसुद्धा नाही.

"हिरवंगार पान पाठवून माझा वेळ खातो. रोग असता तर निदान काही शिकायला मिळालं असतं."

"तुझ्यावर जीव जडलाय त्याचा."

"फोटो तरी धड काढावा! सोमवारी पानाच्या शिरा मोजता येत होत्या. बुधवारचा हललेला, कालचा त्याहून. आणि आज बघ, पान उलटं. देठ वर, बोटांच्या बेचक्यात खोचलंय नुसतं. पान कसं धरायचं, तेही यांना आपणच शिकवायचं."

फाइल निकाली काढायला चार ठरावीक उत्तरांपैकी एक निवडावंच लागे. 'पान निरोगी आहे' असं उत्तर त्यांत नव्हतं. निरोगी पानाचा फोटो कोण कशाला पाठवेल, असं ते बनवणाऱ्याला वाटलं असावं. बुधवारपासून ती या नंबरासाठी चौथं बटण दाबत होती : 'तेच औषध पुन्हा फवारा.'

आजही तिने तेच दाबलं. फोटो गेला.

शिल्लक : १.

त्याच नंबरचा आवाजी निरोप, आज सकाळचा. आवाजी फाइल शेवटपर्यंत वाजल्याशिवाय निकाली निघत नसे. स्वप्नालीने त्यावर कधीच उपाय शोधला होता. ती हेडफोन टेबलावर काढून ठेवी, फाइल चालू करी आणि चहा आणायला जाई. या नंबरचे आधीचे सहाही निरोप असेच रिकाम्या टेबलाला ऐकवून झाले होते.

"माझे हेडफोन दे."

"आज माझे बिघडलेत गं. देगलूरचा एक दुकानदार लाइनवर आहे, सोडेना." सत्यमने हेडफोन कानांवर चढवले आणि माइकवर हात ठेवला. "ऐक की एकदा. बिचारा काय गोड बोलतो ते तरी कळू दे."

पाचला दहा मिनिटं होती. स्वप्नालीने कपाळाला आठ्या घातल्या, प्रयोगशाळेच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि निरोप स्पीकरवरच लावला.

आवाज बाईचा होता. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"हालो. मॅडम, म्या साखराबाई. फोन मालकाचा हाय. तुमचा निरोप नातीनं वाचून दाखवला, तसं मालकानं दोनदा परत फवारलं. आज त्यांचा हात लई थरथरायलाय. पान धरवंना, म्हून म्याच बोटात खोचलं. तुमची मशीन पानाबिगर फोटूच घेत न्हाई ना. पान ठणठणीत हाय, मॅडम. आमी सोमवारपासनं अंगठ्याचं इचारायलोय."