माशाची वीट

छिन्नी माशाच्या शेपटीपाशी आली आणि गवंड्याचा हात थांबला. आजूबाजूचे सगळे तुकडे निघाले होते, काही तर नुसतं टकटक केल्यावर गिलाव्यासकट खाली आले. मासा मात्र जागचा हलायला तयार नव्हता.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं ते तळं गवंड्याच्या बायकोनं केलेलं. फुटक्या बशांचं निळं पाणी, बाटलीच्या काचेचं हिरवं शेवाळ, काठाला कुणाच्या तरी किटलीचा कान. गल्लीत कुठे कप फुटला की तो केरात जायच्या आधी हिला निरोप यायचा. एका शेजारणीनं तर चांगली धडधाकट बशी आणून दिली होती, रंग छान आहे, फोडून घ्या म्हणून. बायकोनं ती जशीच्या तशी परत पाठवली. आपण होऊन फुटलं असेल तेच लावायचं, असा तिचा हट्ट होता.

मधोमध पिवळ्या कपाचा तुकडा होता आणि त्यावर लाल डोळ्याचा मासा. तो कप मुलीचा. मुलगी सात वर्षांची होऊन तापानं गेली, आणि त्यानंतर पंधराच दिवसांत कप गवंड्याच्या हातून पडला. प्यायला घ्यायचा नव्हता, काही नाही. फळीवर दिसला, उचलावासा वाटला, उचलला आणि सटकला. बायकोनं मुकाट्यानं तुकडे वेचले. माशाचा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवून, हा भिंतीत बसवून द्या, एवढंच म्हणाली. भोवतीचं तळं तिनं पुढे वर्षानुवर्षं केलं, पण कप कसा पडला हे कधी विचारलं नाही. एकदा चांगली रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला एकोणतीस वर्षं वाटत होतं.

तुकडा त्यानं गिलावा खरवडून थेट विटेवर बसवला होता, सिमेंट आणि वाळू निम्मी निम्मी कालवून. लोकांच्या भिंतीत एवढं सिमेंट त्यानं जन्मात घातलं नव्हतं. आता हा पुन्हा पडता कामा नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आज त्याचंच काम त्याला दाद देत नव्हतं.

घर सोमवारी पाडणार होते. सामान टेंपोत चढलं होतं. धाकट्या मुलाच्या घरी काय न्यायचं आणि काय सोडायचं, यावर आठवडाभर घोळ चालला होता. कपाट सोडलं, शिलाई मशीन सोडलं, बायको कशालाच नाही म्हणाली नाही. सकाळी फक्त मासा तेवढा काढून द्या म्हणाली.

त्यानं छिन्नी पुन्हा टेकवली आणि हलक्या हातानं एक ठोका दिला. माशाच्या पाठीवर केसाएवढी चीर उमटली. त्यानं हातोडी खाली ठेवली.

बायको दारात उभी होती, गुंडाळायला जुना टॉवेल घेऊन.

"निघत नाही," तो म्हणाला. "अजून एक घाव घातला तर फुटेल. माझ्या हातून दुसऱ्यांदा नको."

ती काही वेळ टॉवेलाची घडी करत राहिली, मोडत राहिली.

"ओला होता तो कप," ती म्हणाली. "मी रोज धुऊन ठेवायचे. ती गेल्यावरसुद्धा. तुम्हाला कधी सांगायला धीर झाला नाही."

गवंडी भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं येऊ दिलं. मग बाहीनं डोळे पुसताना त्याची नजर माशावरून विटेवर गेली, आणि विटेवरून तिच्या सांध्यांवर. हे घर बांधणाऱ्याला तो इतकी वर्षं नावं ठेवत आला होता. सगळी वाळूच घातली आहे, बोटानं उकरलं तर भिंत निघेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आज त्या अनोळखी माणसाचे त्यानं मनातल्या मनात आभार मानले. चारी बाजूंचे सांधे त्यानं सावकाश उकरले आणि अर्ध्या तासात अख्खी वीट बाहेर काढली, वर मासा तसाच.

भिंतीला पडलेल्या भोकातून गल्लीतला उजेड आत आला. परसातली एक वीट आणून त्यानं ती तिथं बसवली आणि उरलंसुरलं सिमेंट कालवून वरून हात फिरवला. पाडायच्या भिंतीला कसला गिलावा करता, म्हणून टेंपोवाला हसला. उभी आहे तोवर बरी दिसू दे, असं म्हणून गवंड्यानं हात धुतले.

टेंपोत पुढच्या सीटवर दोघं बसली. टॉवेलात गुंडाळलेली वीट बायकोच्या मांडीवर होती. रस्त्याला खड्डे फार होते, आणि दर खड्ड्याला ती वीट पोटाशी ओढून घेत होती.

"खाली ठेव ना. तीन किलो तरी आहे," तो म्हणाला. विटांचं वजन त्याच्या हातांना पाठ होतं.

"माहीत आहे. झाली तेव्हा एवढीच होती."

पुढच्या खड्ड्याला त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"जरा माझ्याकडे दे."

तिनं वीट अलगद त्याच्या हातांवर ठेवली, आणि त्यानं ती नीट धरेपर्यंत आपला हात खालून काढला नाही.